जुन्या कॉम्प्युटरला भंगारवाला नको, दुभाष्या द्या



जळगाव असो की धुळे, ट्रेनिंगच्या प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, कमी भांडवलात कोणता धंदा करू?" मोबाईल रिपेअरिंग, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सेकंडहँड लॅपटॉप ही उत्तरं विचारणाऱ्याला आधीच माहीत असतात. त्यांच्या गल्लीत ती चार-चार दुकानं असतात, म्हणून तर ते विचारतात.

आज मी अशा कामाबद्दल लिहितोय ज्याचा बोर्ड मी आपल्याकडे कुठे पाहिलेला नाही. आजच्या कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर, ड्रायव्हर, डिझाइन किंवा फाइल वीस-पंचवीस वर्षं जुन्या कॉम्प्युटरपर्यंत पोचवणं, असं ते काम आहे. ऐकायला किरकोळ वाटतं. पेनड्राइव्ह लावायचा, कॉपी-पेस्ट करायचं, झालं! पण तसं होत नाही, आणि होत नाही म्हणूनच त्याचे पैसे मिळतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुना कॉम्प्युटर घेऊन आलेल्या माणसाला न विचारता, न बघता "भंगारात द्या, नवीन घ्या" असं सांगणं हा सल्ला नाही, ती फक्त विक्री आहे. मी स्वतः कॉम्प्युटर विकतो, तरीही हेच सांगेन.

जुने कॉम्प्युटर आहेत कुठे?

घरात नाहीत. घरातले कधीच गेले. ते आहेत कामाच्या जागी, आणि कोणत्या तरी मोठ्या मशीनला जोडलेले.

जिनिंगवरचा वजनकाटा घ्या. काट्याचा इंडिकेटर सिरियल केबलने कॉम्प्युटरला वजन पाठवतो आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर पावती निघते. एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये सीएनसी लेथ असतं, त्याच्या कंट्रोलरला फ्लॉपी ड्राइव्ह किंवा सिरियल पोर्ट असतो. भरतकामाचं जुनं मल्टिहेड मशीन डिझाइन फ्लॉपीवरूनच मागतं. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापणाऱ्या प्रेसमध्ये विंडोज एक्सपी, पेजमेकर आणि मराठी फॉन्टचा डोंगल लावलेला कॉम्प्युटर अजून चालू असतो.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. कॉम्प्युटर स्वस्त आहे, पण त्याला जोडलेलं मशीन महाग आहे. कॉम्प्युटर बदलला की कंट्रोलर बदलायचा, कार्ड बदलायचं, सॉफ्टवेअर पुन्हा घ्यायचं, माणूस पुन्हा शिकवायचा. सुतासाठी आख्खा माग बदलण्यातला प्रकार. म्हणून मालक कॉम्प्युटर जपून वापरतो. तो मागासलेला नाही, तो हिशेब करतोय.

आणि हे फक्त खान्देशात आहे असं समजू नका. बोइंग ७४७-४०० हे मोठं विमान. त्याचा नेव्हिगेशन डेटाबेस दर २८ दिवसांनी बदलावा लागतो, आणि तो ३.५ इंची फ्लॉपीवरून विमानात टाकला जातो हे २०२० साली जगभर चर्चेत आलं होतं. म्हणजे नवा डेटा आजच्या कॉम्प्युटरवर तयार होतो आणि जुन्या मशीनपर्यंत कुणीतरी तो नेऊन पोचवतं. आपल्या वजनकाट्याचा प्रश्न तोच आहे, फक्त लहान.

नवं जुन्याकडे का जात नाही?

जुन्यावरून नव्याकडे येणं त्यामानाने सोपं असतं, कारण नव्या कॉम्प्युटरला जुन्याची भाषा थोडीफार येते. उलट मात्र नाही. आजोबांची बोली नातवाला समजते, नातवाचं मोबाईलवरचं बोलणं आजोबांना समजत नाही, तसं. अडचणी कुठे येतात ते एकेक करून बघा.

पहिली, पेनड्राइव्ह. आजचे मोठे पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेले असतात. विंडोज ९८ ला एनटीएफएस वाचता येत नाही. एक्सपीला एक्सफॅट वाचायला वेगळं अपडेट लागतं. त्यातही विंडोज ९८ ला पेनड्राइव्हचा ड्रायव्हर आधी टाकावा लागतो. आता गंमत बघा. पेनड्राइव्ह चालायला ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हर आहे पेनड्राइव्हमध्ये! कुलपाची किल्ली कपाटातच राहिली. मग तो ड्रायव्हर सीडीवर किंवा फ्लॉपीवर न्यावा लागतो.

दुसरी, नाव. डॉसला फाइलचं नाव ८ अक्षरं आणि पुढे ३ अक्षरांचं एक्स्टेन्शन एवढंच समजतं. 'नवीन डिझाइन फायनल २' असं लांबलचक नाव दिलं की भरतकामाचं जुनं मशीन फाइल दाखवतच नाही, किंवा भलत्याच नावाने दाखवतं. फाइल चांगली असते, नाव खराब असतं.

तिसरी, सॉफ्टवेअरची जात. ६४-बिटसाठी बनवलेला प्रोग्रॅम ३२-बिट विंडोजवर चालणार नाही. आज कंपन्यांच्या साइटवर जो पहिला डाउनलोड दिसतो तो बहुतेक ६४-बिटचाच असतो. जुन्या मशीनसाठी जुनी आवृत्ती शोधावी लागते, आणि तीसुद्धा कंपनीच्याच जागेवरून किंवा गिऱ्हाइकाच्या मूळ सीडीवरून घ्यावी.

चौथी, नेटवर्क. एक्सपी ज्या जुन्या पद्धतीने फाइल शेअर करतो तिचं नाव एसएमबी १. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय व्हायरसने जगभर कॉम्प्युटर अडकवले, तो याच जुन्या पद्धतीतल्या फटीतून शिरला. त्याच वर्षीच्या अपडेटपासून विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी १ आपोआप येत नाही. म्हणून नवा लॅपटॉप आणि एक्सपी एकाच वायरवर असूनही एकमेकांना ओळखत नाहीत. काही जण सरळ नव्या कॉम्प्युटरवर एसएमबी १ चालू करून देतात. असं करू नका. ते दार गिऱ्हाइकाच्या ऑफिसमध्ये उघडंच राहतं.

पाचवी, इंटरनेट. एक्सपीवरचा इंटरनेट एक्सप्लोरर आजच्या बऱ्याच साइट उघडू शकत नाही, कारण आजच्या साइट जी सुरक्षा मागतात ती त्याला येत नाही. शिवाय ८ एप्रिल २०१४ नंतर एक्सपीचा सपोर्टच संपला. त्यामुळे "त्याच्यावरच डाउनलोड करून घे" हा रस्ता बंद समजा.

दुकानातलं खरं भांडवल: मधला कॉम्प्युटर

या पाचही अडचणींवर एक उपाय आहे. एक जुना, पण फार जुना नसलेला कॉम्प्युटर दुकानात ठेवा. मी त्याला दुभाष्या म्हणतो. एक्सपीच्या काळातला चांगला मदरबोर्ड घ्या. त्याला फ्लॉपी ड्राइव्ह, सिरियल पोर्ट, पॅरलल पोर्ट, आयडीई केबल, सीडी रायटर, यूएसबी आणि लॅन हे सगळं असावं. एका बाजूने तो आजच्या लॅपटॉपशी बोलतो, दुसऱ्या बाजूने डॉसच्या मशीनशी.

असे कॉम्प्युटर आज भंगाराच्या भावात मिळतात. एक घेऊ नका, दोन घ्या. दुसरा पार्ट्ससाठी. घेताना मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले नाहीत ना ते बघा, बटन सेल बदला, धूळ काढा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा पंखा फिरत नसेल तर दुभाष्याची बोलती बंद होणार.

आता तो कोणत्या रस्त्याने माल पोचवतो ते सांगतो.

फ्लॉपी: साधी, पण संपत आलेली वस्तू. सोनीने जपानमध्ये ३.५ इंची फ्लॉपीची विक्री २०११ मध्ये थांबवली. आज बाजारात मिळते ती बहुतेक जुन्या साठ्यातली असते. १.४४ एमबीची फ्लॉपी यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हवर लिहिता येते, पण काही मशीन स्वतःचा वेगळा फॉरमॅट वापरतात, तिथे यूएसबी ड्राइव्ह उपयोगाचा नाही. दुभाष्यातला खरा ड्राइव्ह लागतो.

फ्लॉपी इम्युलेटर: फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा छोटा डबा. मशीनला वाटतं फ्लॉपी लागलीय, प्रत्यक्षात पेनड्राइव्ह असतो. 'गोटेक' या नावाचा डबा जास्त दिसतो. लावण्याआधी मशीनचा फॉरमॅट आणि जंपर तपासा, आणि काढलेला मूळ ड्राइव्ह गिऱ्हाइकाच्याच कपाटात जपून ठेवायला लावा.

सिरियल केबल: सीएनसीसाठी हा राजमार्ग. दोन्ही बाजूंना बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी आणि स्टॉप बिट सारखेच हवेत. एक आकडा चुकला तर प्रोग्रॅमऐवजी कचरा जातो. आणि केबल लावताना दोन्ही मशीन बंद ठेवा, आधी अर्थिंग बघा. चालू मशीनला केबल खुपसून पोर्ट जळाला तर फायद्याच्या जागी भरपाई द्यावी लागते.

डॉस ते डॉस: १९९३ मध्ये आलेल्या एमएस-डॉस ६ मध्ये इंटरलिंक आणि इंटरसर्व्हर नावाचे दोन छोटे प्रोग्रॅम होते. दोन कॉम्प्युटर केबलने जोडून एकाची डिस्क दुसऱ्याला दिसते. समोरच्या कॉम्प्युटरवर हे प्रोग्रॅम नसतील तर सिरियल केबलवरून ते आधी स्वतःलाच पलीकडे पाठवू शकतात. मघाशी सांगितलेलं किल्ली आणि कपाटाचं कोडं या लोकांनी तीस वर्षांपूर्वी सोडवून ठेवलंय. म्हणून जुन्या मशीनची मॅन्युअल फेकू नका, वाचा.

सीएफ कार्ड: कॅमेऱ्यात वापरायचे ते कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आयडीई हार्ड डिस्कच्या भाषेतच बोलतं. साधा ॲडाप्टर लावला की जुन्या डिस्कच्या जागी बसतं. धुळीच्या जागी फिरणाऱ्या डिस्कपेक्षा हे बरं. सगळ्याच जुन्या मशीन सगळी कार्ड घेत नाहीत, म्हणून दोन-तीन कंपन्यांची जवळ ठेवा.

लॅन आणि एफटीपी: एक्सपीत एफटीपी आधीपासून असतं. दुभाष्यावर एफटीपी सर्व्हर चालू करा, दोघांना एकाच वायरने जोडा, इंटरनेटची वायर काढून ठेवा. फाइल गेली की बंद करा.

मराठीचा खास प्रश्न

प्रेसवाल्यांबद्दल वेगळं लिहावं लागेल, कारण इथे अडचण मशीनची कमी आणि अक्षराची जास्त आहे.

आज गिऱ्हाईक लग्नपत्रिकेचा मजकूर मोबाईलवर टाइप करून पाठवतं. तो युनिकोडमध्ये असतो. प्रेसमधला पेजमेकर ७ हा २००१ चा. त्याला युनिकोड समजत नाही. त्याच्यानंतर ॲडोबीने पेजमेकरची नवी आवृत्ती काढलीच नाही. आपल्याकडचा मराठी डीटीपीचा धंदा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीवर किंवा तशाच दुसऱ्या पॅकेजवर उभा राहिला. त्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. पडद्यावर 'क' दिसतो, पण कॉम्प्युटरच्या लेखी तो दुसराच कोणीतरी असतो. म्हणून मोबाईलवरचा मजकूर पेजमेकरमध्ये पेस्ट केला की प्रश्नचिन्हांची माळ येते.

मग काय होतं? ऑपरेटर सगळा मजकूर पुन्हा टाइप करतो. नातेवाइकांची पन्नास नावं पुन्हा टाइप करताना एक चुकतं. आणि लग्नपत्रिकेत मामांचं नाव चुकलं की काय होतं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. पत्रिका पुन्हा छापायची, कागद आपला, शाई आपली, वर तोंडही लपवायचं.

इथे दुभाष्याचं काम असं: युनिकोड मजकूर आजच्या कॉम्प्युटरवर कन्व्हर्टरमधून त्या प्रेसच्या नेमक्या फॉन्ट मांडणीत बदलायचा, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये साठवायचा, मग जुन्या कॉम्प्युटरवर न्यायचा. 'नेमक्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. एका पॅकेजच्या मांडणीतला मजकूर दुसऱ्या पॅकेजच्या फॉन्टमध्ये उघडला तर पुन्हा गोंधळ. बदलून झाल्यावर चार गोष्टी डोळ्यांनी बघायच्याच: रफार, जोडाक्षरं, 'दुसऱ्या', 'वऱ्हाडी'तला तो अर्धा र, आणि आकडे. यंत्रावर विश्वास ठेवा, पण प्रूफ वाचा.

कोरलड्रॉच्या फाइलचंही असंच. नव्या आवृत्तीची फाइल जुन्या कोरलमध्ये उघडत नाही. नव्या कोरलमध्ये 'सेव्ह ॲज' करताना जुनी आवृत्ती निवडता येते, एवढं माहीत नसल्यामुळे काम परत जातं. पाठवणाऱ्या डिझायनरला फोन करून ही एक ओळ सांगणं हीसुद्धा सेवा आहे.

रेट कसा लावायचा?

इथे बहुतेक जण घसरतात. "एक फाइल कॉपी करायचे किती घ्यायचे? पन्नास रुपये?" नाही. फाइल कॉपी करायचे पैसे नाहीत, थांबलेलं मशीन चालू करायचे पैसे आहेत.

हिशेब मांडून बघू. समजा एका वर्कशॉपचं सीएनसी लेथ दिवसाला ५,००० रुपयांचं काम काढतं. नवा प्रोग्रॅम आत जात नाही म्हणून ते दोन दिवस बंद राहिलं तर १०,००० रुपये गेले. कारागिराचा पगार चालू, कर्जाचा हप्ता चालू, पार्टीचे फोन चालू. आता तुम्ही अर्ध्या दिवसात इम्युलेटर किंवा केबल लावून ते चालू केलंत. समजा सामान २,५०० रुपयांचं आणि तुमची मजुरी ३,५०० रुपये. एकूण ६,०००. मालक हा आकडा पेनड्राइव्हच्या किमतीशी लावून बघत नाही, बंद मशीनशी लावून बघतो. मात्र तुम्हीच स्वतःची तुलना पेनड्राइव्हशी केलीत तर तोही करणार.

बीबीएला आम्हाला कॉस्ट आणि व्हॅल्यू हे दोन शब्द शिकवले होते. परीक्षेत त्यावर पाच मार्क होते. दुकानात त्यावर महिन्याचं भाडं असतं.

दुसरी गोष्ट, एकदाच पैसे घेऊन विसरू नका. वर्षाचा करार करा. दोन भेटी, डिस्कची ताजी प्रत, फोनवर मदत. समजा वर्षाला ३,००० रुपये. अशी दहा गिऱ्हाइकं म्हणजे ३०,०००. एवढ्यावर घर चालणार नाही, हे मी मान्य करतो. पण ज्याच्या जिनिंगचा काटा तुम्ही कापसाच्या हंगामात, बाहेर ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना चालू केलात, तो माणूस पुढचा नवा कॉम्प्युटर, सीसीटीव्ही, प्रिंटर दुसरीकडे घ्यायला जात नाही. भरवशाचा धंदा रांगेतल्या ट्रॅक्टरसमोर तयार होतो.

पाच नियम, न मोडता पाळायचे

एक. हात लावण्याआधी प्रत. आधी जुन्या हार्ड डिस्कची पूर्ण इमेज घ्या, मग बाकीचं. आयडीई-यूएसबी ॲडाप्टरने डिस्क नव्या कॉम्प्युटरला लावली की कधीकधी विंडोज विचारतं, "फॉरमॅट करायचं का?" उत्तर नेहमी 'नाही'. त्या एका क्लिकमध्ये माणसाचा वीस वर्षांचा धंदा जाऊ शकतो.

दोन. क्रॅक टाकायचं नाही. "डोंगल हरवलाय, काहीतरी जुगाड करा" असं सांगणारे येतील. कंपनीला फोन लावून द्या, लायसन्सचे कागद शोधायला मदत करा. बंद पडलेलं सॉफ्टवेअर म्हणजे फुकटचं सॉफ्टवेअर नव्हे. शिवाय क्रॅकबरोबर व्हायरस येतो आणि नाव तुमचं जातं.

तीन. वजनकाट्यावर तुमचं काम कॉम्प्युटरपर्यंतच. इंडिकेटरचं सील, कॅलिब्रेशन याला हात लावायचा नाही. ते वैधमापन शास्त्र विभागाच्या कायद्यात येतं. वजन अर्धा किलोने जरी इकडचं तिकडे झालं तरी शेतकऱ्याच्या घामाचा प्रश्न आहे.

चार. जुन्या कॉम्प्युटरला इंटरनेट नाही. फाइल आधी दुभाष्यावर किंवा नव्या कॉम्प्युटरवर तपासायची, व्हायरस स्कॅन करायची, मगच पुढे.

पाच. कागद लिहा. कोणत्या मशीनला कोणती केबल, कोणता बॉड रेट, कोणता फॉरमॅट, कोणता फॉन्ट. एक प्रत तुमच्या फाइलमध्ये, एक मशीनच्या झाकणाच्या आत चिकटवलेली. तुम्ही गावाला गेलात तरी गिऱ्हाइकाचं अडू नये. यात तुमचं महत्त्व कमी होत नाही, वाढतं.

'नवीन घ्या' हे कधी सांगायचं?

मी जुन्याचा आंधळा भक्त नाही. जीएसटीची बिलं, बँकेचे व्यवहार, गिऱ्हाइकांची माहिती हे काम एक्सपीवर चालू असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, की हे नव्यावर न्या. त्या कामाला इंटरनेट लागतं, आणि उघड्या दाराच्या घरात तिजोरी ठेवत नाहीत. मशीनला न जोडलेला, फक्त टायपिंगचा कॉम्प्युटर असेल तरी नवीनच घ्यायला सांगा. काही डॉस प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर डॉसबॉक्समध्ये, काही एक्सपीचे प्रोग्रॅम व्हर्च्युअल मशीनमध्ये छान चालतात. पॅरलल पोर्टचा डोंगल किंवा खास कार्ड नसेल तर हा मार्ग आधी तपासा. जुन्याला सांभाळायचं ते जिथे त्याच्याशिवाय मोठं मशीन थांबतं तिथेच.

आता तुमच्या मनातला प्रश्न. "सर, हे किती वर्षं चालणार? सगळे जुने कॉम्प्युटर एक दिवस संपतील ना?" आजचे जुने संपतील. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्टही संपला. आज ज्या कारखान्यात लेझर कटिंगचं, प्लॅस्टिकचं, पॅकिंगचं मशीन विंडोज ७ किंवा १० वर चालतंय, तिथे हाच प्रश्न पाच-सात वर्षांत उभा राहणार आहे. फ्लॉपीच्या जागी दुसरं काहीतरी असेल. मशीन पंचवीस वर्षं टिकतं, सॉफ्टवेअरची कंपनी दहा वर्षांत हात झटकते. या दोन आकड्यांमधल्या अंतरात तुमचा धंदा आहे, आणि ते अंतर कमी होताना मला दिसत नाही.

दुसरी शंका: "मी इंजिनिअर नाही." मीही नाही. या कामाला डिग्रीपेक्षा चिकाटी लागते. दोन जुने कॉम्प्युटर घरी आणून एकाची फाइल दुसऱ्यावर चार वेगवेगळ्या रस्त्यांनी नेऊन दाखवा: फ्लॉपीने, सीडीने, सिरियल केबलने, एफटीपीने. चारही जमले की गिऱ्हाइकाच्या दारात जा. त्याच्या मशीनवर शिकायचं नाही, त्याच्या मशीनवर फक्त करायचं.

सुरुवात करायची असेल तर या आठवड्यात एवढंच करा. जळगावची एमआयडीसी असो, धुळ्यातली अवधानची असो, की तुमच्या तालुक्याचं मार्केट यार्ड, दहा ठिकाणी जा. काही विकू नका. तीन प्रश्न विचारा: तुमचा सगळ्यात जुना कॉम्प्युटर कोणता? तो बंद पडला तर काय थांबेल? त्याची प्रत कुठे आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच मिळतील. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा माणूस थोडा वेळ गप्प बसेल, मग म्हणेल, "आते काय करानं भाऊ?" तेव्हा वही उघडायची आणि तारीख ठरवायची.